वर्णनाच्या जागी नंबर

पुष्कराजची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा संगणक प्रोग्राम, बाहेरून घेतलेल्या तयार कोडच्या लायब्ररीतलं प्रत्येक फंक्शन काय काम करतं, याचं वर्णन ग्राहकांना दाखवायची. निम्म्या फंक्शनांना वर्णनच नव्हतं. रिकामी जागा आली की स्क्रिप्ट बंद! बिचाऱ्याची नोकरी जायची वेळ आली.

लायब्ररीचे कर्ते केळुसकरसाहेब फोनवर गुरगुरले, "माझा कोड स्वतः बोलतो! ज्याला कळत नाही, त्यानं मला विचारावं."

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सुनंदाताई हसल्या. "मग ऐक की त्यांचं! रिकाम्या जागी 'साहेबांना विचारा' असं लिही, आणि पुढे त्यांचा नंबर."

स्क्रिप्ट सुरळीत चालली. दुपारपर्यंत ग्राहकांच्या प्रश्नांनी साहेबांचा फोन तापला.

"अरे, काढ तो नंबर!"

"काढतो साहेब," पुष्कराज चाचरत म्हणाला, "तुमचा कोड बोलायला लागला की लगेच."

संध्याकाळी साहेबांकडून सगळी वर्णनं आली. मग पुष्कराजनं स्वतःच्या स्क्रिप्टलाही वर्णन लिहिलं: "सुनंदाताईंच्या कृपेनं चालते."