टिचकीची वाटी

भिवाकाकांच्या स्वयंपाकघरात एक फळी. फळीखाली एक बीळ. बिळात कोण राहतं? टिचकी!

टिचकी म्हणजे उंदराचं पिल्लू. एवढीशी! अशी टिचकी वाजवायला बोटं जवळ आणा. आणली? त्या दोन बोटांत मावेल, एवढीशी!

टिचकीला एक आई. टिचकीला सहा दादा. दादा कसले, सहा तोंडं नुसती! सारखं आपलं, "आई भूक! आई भूक!"

प्रत्येकाची आपापली वाटी. टिचकीची वाटी सगळ्यांत छान. भातुकलीतली. पितळेची. चमचम, चमचम!

एक दिवस दुपारी आई म्हणाली, "आज मऊ भात करते. वर तूप. दिवा लागला की वाट्या घेऊन बसा."

दादांनी वाट्या आणल्या. खण! खण! खण! खण! खण! खण!

सहाच वाट्या. सातवी कुठे आहे? टिचकीने बिळात पाहिलं. नाही! फळीमागे पाहिलं. नाही! दादाच्या बुडाखाली पाहिलं. तिथेही नाही!

"आई, माझी वाटी कुठाय?"

"अगबाई! ती कोंबडीमावशीकडे गेली. मावशी अंड्यांवर बसली होती ना? तिला तिळाची चटणी दिली, तुझ्या वाटीतून. वाटी काही परत आली नाही बघ."

कालही वाटी सापडली नव्हती. टिचकी पानावर जेवली होती. वारा आला. पान उडालं, फुर्रर्र! भात सगळा मातीत. टिचकीने दादांच्या वाटीतलं एकेक शीत खाल्लं. तेवढ्याने काय होतंय? पोट आपलं कुरकुर, कुरकुर.

टिचकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नाक पुसलं. शेपटीने पुसलं. (आपण असं करायचं नाही हं!)

"मी आणते माझी वाटी!"

"दिवा लागायच्या आत ये गं बाई!"

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मिशा हलतात, शेपटी हलते. तुरुतुरु, तुरुतुरु.

खुराड्याशी बसली होती कोंबडीमावशी.

टिचकी म्हणाली,

"कोंबडीमावशी, कोंबडीमावशी, वाटी दे.
वाटीत माझा मऊ मऊ भात!"

"कुक् कुक्!" कोंबडी म्हणाली. "ही बघ तुझी वाटी. घासून लख्ख ठेवलीय. देईन की गं, का नाही देणार? पण रिकामी कशी देऊ? रिकामं भांडं द्यायचं नसतं! माझी परडी आहे शेळीकडे. परडी भरून आली, की वाटी भरून देईन."

आता काय करायचं? टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मिशा हलतात, शेपटी हलते. तुरुतुरु, तुरुतुरु.

कुंपणाशी उभी होती शेळीआत्या. तोंड चालूच. कचर कचर, कचर कचर.

टिचकी म्हणाली,

"शेळीआत्या, शेळीआत्या, परडी दे.
परडी कोंबडीला, कोंबडी देईल वाटी.
वाटीत माझा मऊ मऊ भात!"

"बें बें!" शेळी म्हणाली. "कोंबडीने कण्या पाठवल्या होत्या परडीतून. काय गोड होत्या! देईन की गं, का नाही देणार? पण रिकामी कशी देऊ? रिकामं भांडं द्यायचं नसतं! माझी पातेली आहे गाढवाकडे. पातेली भरून आली, की परडी भरून देईन."

झालं! टिचकी पुन्हा निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मिशा हलतात, शेपटी हलते. तुरुतुरु, तुरुतुरु.

चिंचेखाली उभे होते गाढवमामा. एक कान वर, एक कान खाली.

टिचकी म्हणाली,

"गाढवमामा, गाढवमामा, पातेली दे.
पातेली शेळीला, शेळी देईल परडी.
परडी कोंबडीला, कोंबडी देईल वाटी.
वाटीत माझा मऊ मऊ भात!"

"ह्याँ हो! ह्याँ हो!" गाढवमामा लाजले. आता दोन्ही कान खाली. "शेळीने पाल्याची भाजी पाठवली होती. मी पातेलीसुद्धा चाटली. देईन की गं, का नाही देणार? पण रिकामी कशी देऊ? रिकामं भांडं द्यायचं नसतं! माझी परात आहे म्हशीकडे. परात भरून आली, की पातेली भरून देईन."

ऊन कलायला लागलं. टिचकीचे पाय दुखायला लागले. चार इवले इवले पाय, दुखणार नाहीत तर काय! तरी टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मिशा हलतात, शेपटी हलते. तुरुतुरु, तुरुतुरु.

गोठ्यात बसली होती म्हैसआजी. काळी काळी, ही एवढी मोठी! टिचकी तिच्या खुराएवढीसुद्धा नाही. पण टिचकी घाबरली का? छे!

टिचकी म्हणाली,

"म्हैसआजी, म्हैसआजी, परात दे.
परात गाढवाला, गाढव देईल पातेली.
पातेली शेळीला, शेळी देईल परडी.
परडी कोंबडीला, कोंबडी देईल वाटी.
वाटीत माझा मऊ मऊ भात!"

"ओंऽऽय!" म्हैस म्हणाली. "कोण बोलतंय? दिसत कुणीच नाही! अगो बाई, तू होय! गाढवाने पेंड पाठवली होती परातीतून. देईन की गं, का नाही देणार? पण रिकामी कशी देऊ? रिकामं भांडं द्यायचं नसतं! माझी बादली आहे भिवाकाकांकडे. बादली भरून आली, की परात भरून देईन."

भिवाकाकांकडे? म्हणजे टिचकीच्याच घरी! फळीखाली टिचकी, फळीपलीकडे काका. सगळं अंगण फिरून टिचकी परत तिथेच!

टिचकी धावत सुटली. तुरुतुरु, तुरुतुरु. मिशा हलतात, शेपटी हलते. तुरुतुरु, तुरुतुरु.

चुलीशी बसले होते भिवाकाका. चुरमुरे खात होते. कुरुम कुरुम. सकाळी चुरमुरे, दुपारी चुरमुरे! काकू गेली होती लेकीकडे. लेकीला बाळ झालं होतं ना! मग काकांना कोण करून घालणार?

टिचकी म्हणाली,

"भिवाकाका, भिवाकाका, बादली द्या.
बादली म्हशीला, म्हैस देईल परात.
परात गाढवाला, गाढव देईल पातेली.
पातेली शेळीला, शेळी देईल परडी.
परडी कोंबडीला, कोंबडी देईल वाटी.
वाटीत माझा मऊ मऊ भात!"

"देईन की गं, का नाही देणार?" काका म्हणाले. "पण रिकामी कशी देऊ? रिकामं भांडं द्यायचं नसतं!"

"मग भरा की!"

"काय भरू? मला काहीच करता येत नाही गं. चहा येतो. तोही उतू जातो!" काका अगदी हिरमुसले. "म्हशीने बादलीभर दूध दिलं. किती दिवस झाले! आता गोठ्यात जायची लाज वाटते मला."

टिचकी मटकन खाली बसली. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं!

उन्हं चालली परत. आता दिवा लागणार. दादा वाट्या घेऊन बसणार. आणि टिचकी? टिचकी बसणार पानावर!

टिचकीने वर पाहिलं. आढ्याला काकड्या टांगल्या होत्या. जाड जाड. पिवळ्या पिवळ्या. त्या पाहून टिचकीला काहीतरी आठवलं. तिने टुण्णकन उडी मारली.

"काका, धोंडस करा!"

धोंडस म्हणजे ठाऊक आहे ना? काकडीचा केक! आपला घरचा, चुलीवरचा.

"मला कुठे येतं?" काका म्हणाले.

"मला येतं!" टिचकी म्हणाली. "मी सांगते, तुम्ही करा."

आणि टिचकी मिठाच्या बरणीवर चढली. कमरेवर हात ठेवले. मोठ्ठ्याने गाणं म्हणाली,

"काकडी किसा, किस किस किस.
रवा भाजा, खर खर खर.
गूळ घाला, गोड गोड गोड.
खोबरं घाला, भुर भुर भुर.
चिमूटभर मीठ, ढवळा ढवळा, गर गर गर.
खाली निखारे, वर निखारे,
धोंडस फुगतं टम टम टम!"

काकांनी काकडी किसली. किस किस किस. थोडी टोपात, थोडी मिशीत!
काकांनी रवा भाजला. खर खर खर.
काकांनी गूळ घातला. (एक खडा तोंडात घातला. टिचकीने पाहिलं हं!)
काकांनी खोबरं घातलं. भुर भुर भुर.
चिमूटभर मीठ घातलं. ढवळलं ढवळलं, गर गर गर.

टोप चुलीवर चढला. खाली निखारे ठेवले. वर झाकण ठेवलं. काका हात झटकून बसले.

"अहो काका! वर? वर काय?"

"वर झाकण!"

"आणि झाकणावर?"

"अरे हो की! निखारे!"

खाली निखारे, वर निखारे. मग दोघं वाट बघत बसले. टोपातून आवाज आला, फुस फुस. टोपातून वास आला, आहाहा!

काकांनी झाकण काढलं. धोंडस फुगलं होतं टम टम टम! कडेने तपकिरी, मध्ये पिवळं. काकांनी एक घास खाल्ला. आणि काका रडायलाच लागले.

"काय झालं काका? भाजलं?"

"नाही गं. ही तर तुझ्या काकूच्या हातची चव!"

"काकूचंच गाणं आहे ते. काकू चुलीशी म्हणायची, मी फळीखाली ऐकायची."

काका रडता रडता हसले. "किती दिवसांनी घरात असा वास सुटला! चल, बादली घे. नको, तू बादलीत मावशील. मीच घेतो!"

काकांनी बादलीत घातला भला मोठा तुकडा. टिचकी बसली काकांच्या खांद्यावर. दोघं निघाले. धप धप, धप धप. आता पाय काकांचे!

म्हशीला मिळाली बादली. "ओंऽऽय! हे काय गं?"

"धोंडस!"

म्हशीने अर्धं खाल्लं. अर्धं परातीत घातलं. "कसं करतात गं?"

टिचकी म्हणाली, "काकडी किसा, किस किस किस!" म्हैसही म्हणायला लागली, "किस किस किस!"

गाढवाला मिळाली परात. गाढवाने अर्धं खाल्लं. अर्धं पातेलीत घातलं. "कसं करतात गं?"

"रवा भाजा, खर खर खर!" गाढवही म्हणायला लागलं. सुरात म्हणालं का? ते विचारूच नका!

शेळीला मिळाली पातेली. शेळीने अर्धं खाल्लं. अर्धं परडीत घातलं. "कसं करतात गं?"

"गूळ घाला, गोड गोड गोड!"

कोंबडीला मिळाली परडी. कोंबडीने अर्धं टिपलं. टक टक टक. "कसं करतात गं?"

"खाली निखारे, वर निखारे, धोंडस फुगतं टम टम टम!"

आता उरला एवढासा तुकडा. चिंचोक्याएवढा. तुम्ही म्हणाल, अरेरे, एवढासाच!

कोंबडीने तो टिचकीच्या वाटीत घातला. आणि काय सांगू! वाटी भरली काठोकाठ! वर शीग आली!

"घे गं बाई तुझी वाटी," कोंबडी म्हणाली. "रिकामी नाही हं दिली."

काकांच्या खांद्यावरून उतरून टिचकी घरी निघाली. वाटी डोक्यावर. या वेळी हळूहळू. टुकू टुकू, टुकू टुकू. सांडायला नको ना!

बिळात दिवा लागतच होता. सहा दादा बसले होते. सहा वाट्या समोर होत्या. आई डाव घेऊन उभी होती, वाट बघत.

"आई, आले! माझी वाटी आली!"

आईने वाटीत पाहिलं. "अगं, ही तर भरलेली! आता भात कुठे वाढू?"

टिचकी हसली. तिने तुकडा मोडला. एक घास आईला. सहा घास सहा दादांना. आठवा घास स्वतःच्या तोंडात. वाटी रिकामी झाली, चमचम, चमचम! मग आईने वाढला मऊ मऊ भात. वर तुपाचा थेंब.

टिचकी जेवली. आपल्या वाटीत जेवली. पोट टम टम टम!

आई म्हणाली, "उद्या कोंबडीमावशीला थोडा भात देऊ या का गं?"

टिचकीने वाटी घट्ट पोटाशी धरली. खूप विचार केला. मग म्हणाली, "देऊ या. पण मी तिथेच बसेन. मावशी खाईल, मी वाटी घेऊन येईन."

"रिकामी?"

"रिकामी कशी? मावशी मला गाणं शिकवेल. चटणीचं, नाहीतर कण्यांचं. तेच वाटीत घालून आणेन!"

टिचकीची वाटी भरली, गोष्ट आपली सरली.

आता बघा बरं, तुमच्या घरी कुणाकुणाची भांडी राहिली आहेत?