येसाईनं घासलेली मूठ

सकाळचे बरोबर नऊ वाजले होते तेव्हा हे सगळं सुरू झालं, असं म्हणतात. आता ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची, आपल्या खापरपणजीच्याही आधीची. तेव्हा शिरसदरीत घड्याळ कुणाकडे होतं, आणि नऊ वाजलेले पाहिले कुणी, हे मला काही उमजत नाही. पण सांगणारे सगळे नऊच सांगतात, म्हणून मीही नऊच सांगते.

तर नऊ वाजता बना नावाची एक सून अंगणात आपल्या तान्ह्या लेकीला न्हाऊ घालत होती. अंघोळ झाली, तिनं लेकीला उचललं, आणि लेक तिच्या हातातून निसटली.

निसटली, पण पडली नाही. शेजारच्या अंगणात येसाई नावाची म्हातारी बसली होती. तिनं हात पुढे केला आणि लेकरू धोंड्यावर आपटायच्या आत झेललं. मधे काट्याचं कुंपण होतं, मग तिचा हात पोचला कसा? कुणी म्हणतं, कुंपण तेवढ्यापुरतं खाली वाकलं. कुणी म्हणतं, म्हातारीचा हातच लांब झाला. मी दोन्ही ऐकलंय. खरं काय ते देवाला ठाऊक. लेकरू वाचलं, एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे.

येसाई म्हणाली, "बने, हात दाखव."

"काही नाही आजी, तेल लावलं होतं ना, म्हणून निसटली."

"तेलाला नको बोलूस. हात दाखव."

बनानं तळवे उघडले. फोड येऊन फुटलेले, पुन्हा आलेले, पुन्हा फुटलेले. सगळी कातडी सोललेली. लेकीला धरलं की आग व्हायची, म्हणून ती बिचारी मनगटांनीच तिला उचलायची.

त्याचं असं होतं, की शिरसदरी हे टोपल्यांचं गाव. बायका दिवसभर सुरीनं बांबू चिरायच्या. लोहार पातं छान द्यायचा, पण मूठ म्हणजे नुसता तोडलेला लाकडाचा तुकडा, धारदार कंगोऱ्यांचा, कुसळांचा. नवी सून आली की पहिल्या सकाळी तिच्या हातात अशी कोरी सुरी द्यायची. मूठ तिनं वापरून वापरूनच मऊ करायची. दुसऱ्या कुणी ती घासून दिली तर सुरी परकी होते, आणि परक्या सुरीच्या टोपलीत धान्य टिकत नाही, असं सगळं गाव मानायचं. हे पहिल्यांदा कुणी सांगितलं, ते कुणालाच सांगता यायचं नाही.

बनाची सासू गजराबाई बाहेर आली. म्हणाली, "आम्हाला काय फुलांच्या मुठी मिळाल्या होत्या? माझ्या हातातून रक्त यायचं, तरी मी नणंदेच्या लग्नाच्या टोपल्या विणल्या."

येसाईनं विचारलं, "आणि तुझी पोरं कुणी न्हाऊ घातली गं गजरे?"

"सासूनं."

"का?"

गजराबाई घरात निघून गेली.

मग येसाईनं बनाची सुरी उचलली. पात्याला चिंधी गुंडाळली आणि मूठ वर करून बसली. बना घाबरली. म्हणाली, "नको आजी, घरात धान्य टिकायचं नाही."

"धान्याचं मागून बघू. आधी लेकरू टिकू दे."

आधी तिनं फुटक्या खापरीच्या कडेनं कंगोरे खरवडले. मग नदीतल्या दगडानं घासलं. मग मूठ ओली केली. पाणी लागलं की लाकडातली दडलेली कुसळं उभी राहतात, ती वाळल्यावर पुन्हा घासायची. मग खरवतीची पानं घेतली. या झाडाचं पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत असतं. पानानं घासायची, डोळे मिटून अंगठा फिरवायची, पुन्हा घासायची. शेवटी करंजाचं तेल चोळलं. बनानं बोट ठेवून दाखवलं, "आजी, इथं थोडं खरखरीत राहिलंय." तर म्हणाली, "राहू दे. तिथं तुझा अंगठा टेकतो. सगळंच गुळगुळीत केलं तर ओल्या हातातून सुरी सटकेल."

ती घासत होती तोवर सूर्य डोक्यावरून हललाच नाही, असं म्हणतात. जेवून झालेली माणसं पुन्हा जेवायला बसली, आणि गुरं घरी यायचं की रानात जायचं ते न कळून वेशीतच उभी राहिली.

एवढं झाल्यावर गोष्ट लपणार कशी? गाव चावडीपुढे जमलं. गजराबाईनं सांगितलं, "सुरी परकी झाली. आता ही माहेरी जाऊ दे. नात माझ्याकडे राहील. हिच्या हातून ती एकदा निसटली, पुन्हा निसटणार नाही कशावरून?"

बना रडलीसुद्धा नाही. लेकीला दोन्ही मनगटांत धरून नुसती उभी राहिली.

गावचे म्हातारे केरबातात्या न्याय करायचे. ते म्हणाले, "मूठ कुणाची ते मूठच सांगेल." म्हणजे जुनी रीत अशी, की सगळ्या सुऱ्या एका टोपलीत ठेवायच्या, बायकांचे डोळे पदरानं बांधायचे, आणि एकेकीनं चाचपून आपली सुरी काढून दाखवायची. मग ती परत टोपलीत ठेवायची. आपली मूठ बाई झोपेतही ओळखते. बनाला ओळखता आली नाही, तर सुरी नदीत आणि बना माहेरी.

पहिला मान गजराबाईचा. तिनं हात घातला, चाचपलं, एक सुरी काढली. "ही माझी," म्हणाली. डोळे सोडले तर सुरी बनाची.

लोक हसले. दुसरी आली. तिनंही तीच काढली. तिसरीनंही तीच. "अगं, माझीच आहे ही! हे बघ, माझं बोट कसं बसतंय!" "तुझं कसं? माझा अंगठा आहे इथं!" डोळे बांधलेल्या बायका एकमेकींशी भांडायला लागल्या, आणि हात जाड असो की बारीक, डावा असो की उजवा, ती मूठ ज्या हातात जाईल त्याचीच होऊन बसायची. केरबातात्या चिडले. "आणा इकडं," म्हणाले. त्यांनी जन्मात बांबू चिरला नव्हता. त्यांनी डोळे मिटून मूठ धरली, बराच वेळ धरली, आणि हळूच म्हणाले, "माझीच वाटते की गं."

शेवटी बना. तिनं हात घातला आणि तीच सुरी काढली. "ही माझी."

आता तिला चूक कोण म्हणणार? सगळ्यांनी तेच म्हटलं होतं. केरबातात्या डोकं खाजवत बसले. सगळ्यांची म्हणजे कुणाची? परकी म्हणजे मग कुणाला परकी? त्या दिवशी निकाल लागलाच नाही, आणि आजवर लागलेला नाही.

गजराबाई मात्र आपल्या तळव्याकडे बघत होती. दगडासारखे घट्टे पडलेला तो हात. मग तिनं बनाच्या हातातली सुरी काढून स्वतःच्या कमरेला खोचली. बनाला वाटलं, गेली सुरी, गेली लेक. तर सासू म्हणाली, "तळवे भरून येईपर्यंत बांबूला हात लावायचा नाही. पोरीला धर. मनगटानं नको, नीट हातानं धर. मी आहे खाली हात लावून."

पुढे येसाईनं गावातल्या सगळ्या मुठी घासल्या. घासता घासता तिच्या तळहातावरच्या रेषा पुसून गेल्या, असं म्हणतात. रेषाच नाहीत म्हटल्यावर तिला न्यायला आलेल्या यमदूताला तिचं आयुष्य वाचताच येईना. मग ती मेली कशी? काही म्हणतात, ती मेलीच नाही, पानं तोडायला गेली आणि खरवतीचं झाड झाली. दुसरे म्हणतात, नदीतल्या वाळूत मिसळली. ती आली कुठून, तिची स्वतःची सुरी कुठली, तिला मूलबाळ होतं की नाही, यातलंही धड काही कळत नाही. मी पुष्कळांना विचारलं. जो तो वेगळंच सांगतो.

पण आमच्या शिरसदरीत अजून एक करतात. घरात बाई बाळंत झाली की तिची सुरी शेजारणी घेऊन जातात. सुरी घरोघर फिरते. प्रत्येक बाई खरवतीच्या पानानं मूठ घासते, पहिला हात सासूचा. बारशाला सुरी परत येते. तोवर बाळंतिणीनं फक्त लेकरू धरायचं. आता बाजारातून प्लास्टिकच्या मुठीच्या सुऱ्या येतात. त्यांना घासून काय होतं मला माहीत नाही, पण त्यांच्यावरूनही पान फिरवतात. येसाईच्या नावानं.

आमच्या मुली आता लांब लांब दिल्या जातात, आणि तिकडे ही रीत कुणाला माहीत नसते. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमच्या शेजारी कुणी नवी बाळंतीण असेल तर तिला आधी हात दाखवायला सांगा. ती "काही नाही" म्हणेल, तरी बघा. आणि बघून झालं की हे पलीकडच्या घरी सांगा, त्यांना म्हणावं, त्याच्या पलीकडे सांगा.