खोट्या नावांचं दुपटं

ऐका हो, लहानांनी ऐका आणि थोरांनी तर कान देऊन ऐका! फार फार वर्षांपूर्वी एका नगरात एक रीत होती. नवं कापड अंगाला लावण्याआधी विकणाऱ्याने तीन नावं घ्यायची: सूत कोणी कातलं, कापड कोणी विणलं, रंग कोणी दिला. मग घेणाऱ्याने त्या तिघांना हात जोडायचे.

तिथे एक व्यापारी होता. त्याचा माल दहा हातांतून यायचा. कोणाचे हात, त्याला काय ठाऊक! स्वस्त मिळतंय ना, मग झालं. गिऱ्हाईक आलं की हा तोंडाला येतील ती नावं ठोकून द्यायचा. तपासायला कोण जातंय?

त्याच्या लेकीला मुलगा झाला. बारशाला आजोबांनी लालभडक दुपटं आणलं, आणि सवयीने नावं घेतली. लेकीने मनोभावे हात जोडले.

तिसऱ्या दिवशी बाळाच्या अंगावर फोड उठले. ते दूध पिईना. वैद्य म्हणाले, "विष रंगातलं आहे. काय घातलंय ते कळलं, तरच उतारा देता येईल. रंगाऱ्याला विचारा."

"बाबा, तुम्ही नाव घेतलं होतंत ना? घोडा पाठवा त्याच्याकडे!"

व्यापारी पुटपुटला, "पोरी, असा माणूसच नाही गं. मी आपलं उगाच..."

लेकीने ते दुपटं त्याच्या हातात दिलं.

तो स्वतः निघाला. आडत्याने दलालाकडे बोट दाखवलं, दलालाने दुसऱ्या दलालाकडे. दोन दिवस दारं ठोठावत तो ओढ्याकाठच्या एका पालाशी पोचला. एक बाई रंगाच्या हौदात उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत सडले होते.

"रंगात काय घालता, बाई?"

तिने एक पुडी पुढे केली. "दलाल ही भुकटी देतो. रंग पक्का बसतो म्हणे. माझी दोन लेकरं हिनेच गेली. पण आजवर इथे विचारायला कोणी आलंच नाही."

पुडी घेऊन तो धावत सुटला. घरी पोचला, तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि पाळणा रिकामा होता.

त्याने रडत रडत सगळं सांगितलं. लेकीच्या डोळ्यांत पाणीही उरलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, तिचं पहिलं लेकरू गेलं, तेव्हाच तुम्ही विचारायला गेला असतात, तर तिचं दुसरं वाचलं असतं. आणि माझंही."

त्या दिवसापासून तिने बापाच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

तात्पर्य: ज्यांच्या कष्टांवर आपण नटतो, त्यांचं दुखणं विचारायला गेलो नाही, तर ते एक दिवस आपल्या घरी चालत येतं.