मरव्याची लाखोली

मुलांनो, आमची शाल्मली लहान असताना खोकल्याने बेजार झाली, तेव्हा मी गणपतीला मरव्याची लाखोली बोलले होते. लाखोली म्हणजे एक लाख पाने, एकेक मोजून देवाला वाहायची. गॅलरीतल्या एका कुंडीत लाख पाने येणार कुठून, हे मला त्या घाईत सुचलेच नाही. तसे ते एका सशिणीलाही सुचले नव्हते. तिचीच गोष्ट सांगते.

एका रानात, ओढ्याच्या काठी ही सशीण राहत असे. दाराशी तिने मरवा लावला होता. वारा आला की त्याचा वास पार पलीकडच्या तीरापर्यंत जाई. एकदा तिच्या पिल्लाला खोकला झाला. तिने मरव्याचा रस मधातून चाटवला आणि वनदेवीला लाखोलीही बोलली. पिल्लू बरे झाले. मग काय, रोज सकाळी न्हाऊन सशीण पाने खुडू लागली. शंभर झाली की एक खडा बाजूला. शेजारची खार फांदीवरून विचारी, देवीला थंडी वाजते म्हणून पांघरूण घालतेस का गं? त्या नादात सशिणीची मोजणी चुके आणि बिचारी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे.

एके दिवशी तीच खार धावत खाली आली. आज थट्टा नव्हती, तोंड सुकून गेले होते. तिच्या पिल्लाची छाती कालपासून घरघरत होती, त्याला दूधही ओढवत नव्हते. तिने चारच पाने मागितली. सशिणीचा जीव कळवळला. पण रोपावर काहीच उरले नव्हते. कोवळ्या शेंड्यांसकट सगळे टोपलीत होते, मोजलेले. "ही देवीची झाली गं," ती हळूच म्हणाली. "चार कमी पडली तर माझा नेम मोडेल. तुझ्या बाळासाठी मी देवीपुढे हात जोडते." खार तशीच माघारी पळाली.

टोपली घेऊन सशीण देवीच्या शिळेपाशी पोचली आणि जागच्या जागी थिजली. शिळेपुढे खार बसली होती. पुढ्यात पिल्लू होते आणि आदल्या दिवशी वाहिलेली, काळी पडलेली पाने दातांनी चावून ती त्याच्या तोंडात घालत होती. देवीचे निर्माल्य! "अगं, हे काय? देवीला वाहिलेलं उचललंस?"

खारीने वरही पाहिले नाही. "तुझ्याकडे मागितलं, तू नाही म्हणालीस. मग देवीकडे मागितलं. ती नाही म्हणाली नाही."

सशिणीने आजूबाजूला पाहिले. शिळेभोवती महिनाभराच्या पानांचा ढीग कुजत पडला होता. सुगंध कसला, नाकाला पंजा लावावा असा दर्प. आणि त्या ढिगाशेजारी एवढासा जीव श्वासासाठी धडपडत होता. त्या वाळक्या पानांत रस कुठला उरायला? हे बाळ गेले तर, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. टोपलीतली मूठभर ताजी पाने तिने दगडावर ठेचली, रस पिल्लाला चाटवला, चोथा छातीला चोळला. पुन्हा ठेचली, पुन्हा चाटवला. ऊन डोक्यावर आले तेव्हा कुठे घरघर मंदावली आणि पिल्लू आईच्या कुशीत शिरून दूध ओढू लागले.

सशीण परतली तर दारात नुसत्या काड्या उभ्या. रोज त्याच रोपाशी बसूनही ते तिला आजच दिसले. तिने टोपलीतून हिरव्या देठाचे शेंडे निवडले आणि दोन शेंडे खारीच्या झाडाखाली ओल्या मातीत खोचले.

"आता देवीला काय सांगशील?" खारीने विचारले.

"सांगेन की लाखोली अजून चालू आहे," सशीण म्हणाली आणि उरलेले शेंडे घेऊन ओढ्यापलीकडच्या साळिंदराच्या घरी निघाली.

तात्पर्य : देवासाठी राखलेले औषध अडलेल्याच्या मुखी पडले, तर ते देवाला आधी पोचते. म्हणून सांगते बाळांनो, तुम्हीही दाराशी मरव्याचे एक रोप लावा आणि ते चांगले फुटले की पहिली फांदी शेजारच्या घरी देऊन या.