वरवंट्याचा कोपरा

मिक्सर घरोघरी नवे होते, तेव्हाची ही गोष्ट. वेणूबाईंचं जुनं स्वयंपाकघर नवं होणार, म्हणून सगळी भांडी हरखली होती. बाई खडूने ओट्याची जागा आखत होत्या.

"मी खिडकीशी!" मिक्सर ओरडला. "आणि वरवंटेबुवा, तुम्ही उकिरड्यावर!"

वरवंटा घाबरून पाट्याला चिकटला.

तेवढ्यात गवंड्याने विचारलं, "बाई, हा पाटा-वरवंटा टाकून देऊ?"

"खबरदार!" वेणूबाई म्हणाल्या. "ओटा झाला की नातीचं बारसं आहे. पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात. तिथे काय मिक्सर निजवू?"

त्यांनी पाट्या-वरवंट्यासाठी कोपरा आखला.

वरवंटा हळूच म्हणाला, "पाट्या, मला झबलं कोणत्या रंगाचं घालतील रे?"