शूरदेहात अंगाई का म्हणत नाहीत

मुली, माफ कर, पण बाळाला झोपवायचं तर नुसतं थोपट. गाऊ नकोस. आमच्या शूरदेह गावात अंगाई म्हणत नाहीत. कारण हे समोरचं टेकाड. इराणच्या या मिठाच्या वाळवंटात नजर पोचेल तिथवर दुसरं टेकाड दिसतंय का कुठं? हे देवानं केलेलं नाही, माणसांनी केलंय. आणि प्रेमानं तर नाहीच नाही.

असं सांगतात, फार पूर्वी इराणच्या तख्तावर बेहनूद नावाचा शाह होता. मिसरूड फुटण्याआधीच डोक्यावर मुकुट आलेला. आई बाळंतपणातच गेली, म्हणून त्याला अंगावर पाजून वाढवलं ते आमच्या गावच्या माहबानूनं. एका मांडीवर तिचा स्वतःचा मुलगा, दुसरीवर शाह. दोघांना झोपवायला अंगाई एकच, तिची तिनंच रचलेली. त्या तिघांखेरीज ती कुणालाच येत नव्हती. दूध दोघांना सारखं मिळालं, पण पुढे एकाला तख्त आणि दुसऱ्याला त्याच्या घोड्याचा लगाम. हे त्या दूधभावाला सलत होतं, म्हणे.

तख्तावर बसल्यावर पोरानं एक वेडेपणा केला. सरदारांनी वाळवंटातले भुयारी कालवे कुलुपबंद करून ठेवले होते, ती कुलपं त्यानं तोडायला लावली. या गावाला पाणी दिसलं ते त्याच्यामुळे. सरदारांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फौज फितवली आणि राजवाडा पेटवून दिला. माहबानू दोन्ही मुलांना घेऊन कशीबशी माहेरी पोचली. टेकाडाच्या जागी तेव्हा एक कोरडी विहीर होती. तिच्यात शाहला दोरानं उतरवलं आणि तिनं बजावलं, "कुणी कितीही हाका मारू दे, वर यायचं नाही. अंगाई ऐकू आली तरच ये."

दूधभाऊ खबर काढून येतो म्हणून गेला, तो थेट मोठ्या सरदारापुढे उभा राहिला. सुभेदारी मिळेल म्हणताच पाघळला. माहबानू गावात रोट्या भाजायला गेली होती, तेवढ्यात तो सरदाराला घेऊन आला, विहिरीच्या काठाशी बसला आणि अंगाई म्हणू लागला. शाह हसत वर आला, असं सांगतात. काठावर उपसलेल्या तलवारी होत्या.

माहबानू रडली नाही. मुलाची वाट बघतेय, एवढंच ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

कालव्यांना पुन्हा कुलपं लागली. काही दिवसांनी तिचा मुलगा सुभेदारीच्या थाटात आईला न्यायला आला. तिनं त्याला जेवू घातलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच सांगितलं की शाहचा मुकुट अजून विहिरीतच आहे. सरदार तो मुकुट शोधून थकला होता. मुकुट खरंच तिथं होता की नाही, देव जाणे. याच्या तोंडाला पाणी सुटलं. वाटेकरी नको म्हणून त्यानं आपले शिपाई लांब पिटाळले आणि स्वतः दोरावरून खाली उतरला. तो तळाला टेकला तसा माहबानूनं दोर वर ओढून घेतला आणि पहिला दगड टाकला.

आधी त्यानं धमक्या दिल्या, मग गयावया केली. मग म्हणे त्यानं खालून तीच अंगाई सुरू केली. तिच्या मदतीला दगड घेऊन आलेले गावकरी जागच्या जागी थबकले.

माहबानू म्हणाली, "या अंगाईवर माझा एक मुलगा वर आला होता. आता दुसरा येणार नाही."

तिनं पुढचा दगड उचलला, तेव्हा सगळं गाव भिडलं. गाणं थांबलं तरी दगड थांबले नाहीत. विहीर बुजली, तरीही नाहीत. सरदारानं फारसा शोध घेतला नाही. फितूर माणूस परस्पर गेला, हे त्याला बरंच वाटलं असणार.

त्या मुलाचं नाव विचारू नकोस. ठेवलं तिनंच, पण पुन्हा कधी उच्चारलं नाही, आणि गावही विसरलं. पाहुणे विचारतात, आईचं काळीज असं कसं? मी म्हणतो, आईचंच असं असतं. मला तिचा अभिमान वाटतो.

आजही इथून जाणारा प्रत्येक जण एक दगड टाकतो. आजही वारा सुटला की फटींतून कुणी गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. पाहुणे म्हणतात, वारा आहे. असेल. आम्ही त्या फटीवर आणखी एक दगड ठेवतो.

घे मुली, हा तुझा दगड. तोवर बाळाला मी धरतो.