रोशव्हेलच्या खंदकातले बेडूक

रोशव्हेलच्या सरदारांना झोप येत नव्हती, आणि त्याची शिक्षा आसपासची सगळी गावं भोगत होती.

ही गोष्ट फ्रान्समधली, तट-बुरुजांच्या काळातली. रोशव्हेल हे दगडी तटाचं शहर, मधोमध सरदार आंगेराँ यांची गढी आणि गढीभोवती पाण्याचा खंदक. खंदकात बेडूक. किती म्हणाल, तर पाणी कमी आणि बेडूक जास्त! उन्हाळा लागला की त्यांचं डरांव डरांव सुरू. सरदारांच्या आजोबांपासूनचा रिवाज असा, की भोवतालच्या गावांनी पाळीपाळीनं वेठीला यायचं आणि लांब काठ्यांनी रात्रभर खंदकाचं पाणी बडवायचं. म्हणजे बेडूक गप्प बसतात आणि धनी सुखानं झोपतात. आजोबांना तरी झोप लागायची का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

यंदा ब्रुयेर गावाची पाळी आली ती नेमकी गवतकापणीत. दिवसा कापणी, रात्री बडवणी. माणसं हातात विळा धरून उभ्या उभ्या पेंगायला लागली. कापलेलं गवत रानात तसंच पडलेलं, ते गोळा करायला कुणाच्या अंगात त्राण नाही. एक जोराची सर आली असती तर सगळं कुजलं असतं आणि हिवाळ्यात गुरं उपाशी मेली असती. गोबेर म्हातारा तर डुलकी लागून काठीसकट खंदकात पडला. त्याला ओढून बाहेर काढला, पण त्याचा खोकला काही थांबेना. मग त्याच्या जागी त्याची लेक गेली, पेरोनेल.

ही पेरोनेल अशी, की तिच्या तोंडी लागायचं म्हणजे गावचे पाद्रीबाबाही आधी चार पावलं मागे सरायचे. तिनं एक रात्र पाणी बडवलं, डोळे मात्र वर सरदारांच्या खिडकीवर ठेवले. काय दिसलं ते कुणाला सांगितलं नाही. सकाळी घरी न जाता ती थेट गढीत गेली.

सरदार न्याहारीला बसले होते. डोळे लालभडक, कपाळाला आठ्या. शेजारी त्यांच्या आईसाहेब पावाचा तुकडा दुधात बुडवत होत्या. पेरोनेलनं लवून मुजरा केला आणि गवत घरात येईपर्यंत तरी वेठ माफ करावी अशी विनंती केली.

झोप न झालेल्या माणसाकडे असं काही मागू नये. सरदार उसळले. "वेठ नको? मग आज रात्री काठी न लावता बेडूक गप्प करून दाखव. एकही मारायचा नाही, एकही हलवायचा नाही. जमलं तर सगळ्या गावांची वेठ कायमची बंद. पण एक जरी डरांव कानावर आलं, तर सगळ्यांच्या पाळ्या तुझ्या ब्रुयेरनं करायच्या. जन्मभर!"

मागे उभा असलेला गढीचा कारभारी तोंडावर हात धरून हसला. पेरोनेल म्हणाली, "कबूल, सरकार. कुणाच्या कानावर, ते तेवढं ठरवा."

"माझ्या. दुसऱ्या कुणाच्या?"

"मग उद्या वेशीवरच्या बाजारात, सगळ्यांसमोर, तुम्हीच निकाल द्या."

गावात ही बातमी पोचली आणि एकच कालवा झाला. या पोरीनं गाव बुडवलं, असं जो तो म्हणू लागला. गोबेरनं खोकत खोकत कपाळावर हात मारला.  अंधार पडताच पेरोनेलनं सगळ्यांना दामटून घरी झोपायला पाठवलं, काठ्या गोळा करून ठेवल्या, आणि स्वतः खंदकाच्या काठावर शाल पांघरून खुशाल आडवी झाली.

सकाळी वेशीवर बाजार भरला. गावोगावची माणसं भाजी विकायचं सोडून उभी होती.  एवढ्यात आईसाहेब आणि कारभारी यांच्यासह सरदार आले, आणि काय सांगावं, गडी टवटवीत! डोळे स्वच्छ, चालीत ऐट.

"लोकहो," ते म्हणाले, "अशी झोप मला लहानपणानंतर लागली नव्हती. एकाही बेडकानं तोंड उघडलं नाही. पोरी, केलंस तरी काय?"

"काही नाही, सरकार. मीही झोपले."

आता आईसाहेबांना हसू आवरेना. "अरे आंगेराँ, बेडूक पहाटेपर्यंत नुसते कोकलत होते. मी जागीच होते ना! आणि त्यांच्या वरताण तुझं घोरणं."

बाजारात खसखस पिकली. सरदारांचा चेहरा लाल झाला. ही शुद्ध फसवणूक आहे, बेडूक गप्प नव्हतेच, तेव्हा अट मोडली, ब्रुयेरनं काठ्या उचलाव्यात, असं त्यांनी तिथल्या तिथे फर्मावलं.

पेरोनेल जागची हलली नाही. "सरकार, साक्ष तुमच्या कानांची ठरली होती, आणि तुम्ही ती सगळ्यांदेखत दिलीत. ती खोटी म्हणायची माझी हिंमत नाही. तुमची असेल तर म्हणा."

सरदारांनी आईसाहेबांकडे पाहिलं; त्या अजून हसतच होत्या.

"परवा रात्री मी पाहिलं," ती पुढे म्हणाली. "आम्ही काठ्या उचलायच्या आधी बेडूक जोरात होते आणि तुमचं घोरणं त्याहून जोरात. पहिली काठी पाण्यावर पडली आणि तुमच्या खिडकीत दिवा लागला. तुम्ही वरून ओरडलात, जोरात बडवा. आम्ही जोरात बडवलं. तुम्ही आणखी जागे झालात. सरकार, बेडकांनी तुम्हाला कधीच उठवलं नाही. आजोबांच्या वेळेपासून तुमच्या घराण्याला आम्हीच उठवतोय!"

 मग सरदार आंगेराँ हसले, असे हसले की कारभाऱ्याला त्यांना धरावं लागलं. डोळे पुसत त्यांनी वेठ बंद केल्याचं जाहीर केलं, सगळ्या गावांची आणि कायमची. पेरोनेलला काय हवं ते माग म्हणाले. तिनं आभाळाकडे पाहिलं आणि गवत वाहायला गढीतल्या गाड्या मागितल्या. त्याच दुपारी गढीचे सगळे घोडे ब्रुयेरच्या रानात होते. पहिल्या गाडीवर कारभारी घामाघूम होऊन गवत रचत होता, आणि खाली उभी राहून पेरोनेल त्याला नीट रचायला सांगत होती.